बीएचसी पावडर गेली, तिचा कचरा कुठे आहे?

मराठवाड्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला बीएचसी पावडरीबद्दल विचारा, लगेच ओळखेल. नाकतोडे, लष्करी अळी, हुमणी, वाळवी, मुंग्या, घरातले ढेकूण, सगळ्यांवर एकच औषध. मळकट पांढरी भुकटी, कुबट वास. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि काठीनं ठोकत ठोकत पिकावर धुरळणी करत जायचं. तोंडाला रुमाल असला तर असला. काही घरांत तिला गॅमेक्सिन म्हणत.

१ एप्रिल १९९७ पासून या पावडरीवर देशात बंदी आली. तिच्यातला वेगळा काढलेला शुद्ध भाग, म्हणजे लिंडेन, वाळवीसारख्या किडींसाठी आणखी काही वर्षं चालू राहिला. २५ मार्च २०११ ला त्याचं उत्पादन बंद झालं आणि २५ मार्च २०१३ पासून वापरही. खरजेच्या आणि उवांच्या लोशनवर ‘गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराईड’ असं लिहिलेलं असायचं, तेही हेच लिंडेन.

बंदी आली म्हणजे विषय मिटला असं आपण धरून चालतो. पण बंदी लागते ती विकायच्या मालाला. माल बनवताना जो कचरा पडतो त्याला ना लेबल, ना दुकान, ना पावती. आणि लिंडेनचा कचरा मालाच्या आठ ते बारा पट होता. कीटकनाशकाच्या डब्यावर लक्ष ठेवलं म्हणजे विषावर लक्ष ठेवलं असं होत नाही, हे या एका रसायनाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे या विषयात थोडा जास्तच रमतो. वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

एका टनामागे दहा टन

कृती सोपी आहे. बेंझीन घ्यायचं, त्यात प्रकाश पाडून क्लोरीन सोडायचा. मायकेल फॅरेडेनं हे १८२५ मध्येच करून पाहिलं होतं. या पदार्थानं कीड मरते हे मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उमगलं आणि मग त्याचे कारखाने उभे राहिले. तयार होणाऱ्या रसायनाचं नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. नाव लांबलचक आहे, आपण एचसीएच म्हणू. जुन्या पोत्यांवरचं बीएचसी ते हेच.

सहा कार्बनची एक कडी आणि प्रत्येक कार्बनला एकेक क्लोरीन. हा क्लोरीन कडीच्या वरच्या बाजूला असू शकतो किंवा खालच्या. सहा जागी वर-खाली अशी वेगवेगळी मांडणी झाली की अणू तेच, वजन तेच, पण रेणू वेगळा. यांना समघटक म्हणतात. त्यांतले अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा हे चार आपल्या कामाचे. कारखान्यात नेहमी साधारण एकाच प्रमाणात माल पडतो: अल्फा ६० ते ७० टक्के, बीटा ५ ते १२, गॅमा १० ते १५, डेल्टा ६ ते १०, बाकी चिल्लर. कीड मारतो तो फक्त गॅमा. ९९ टक्के शुद्ध गॅमा म्हणजे लिंडेन.

आता हिशेब करू. ७८ किलो बेंझीन आणि २१३ किलो क्लोरीन मिळून २९१ किलो एचसीएच होतं. वेगळं करताना थोडी गळती होते, म्हणून हाती येणारा गॅमा दहा टक्के धरू. मग एक टन लिंडेनसाठी दहा टन एचसीएच करावं लागणार. त्यासाठी सुमारे २.७ टन बेंझीन आणि ७.३ टन क्लोरीन लागेल. विकायला एक टन, उरले नऊ. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील.

या नऊ टनांचं करायचं काय? स्वस्तातला उपाय म्हणजे वेगळं करायचंच नाही. बीएचसी पावडर म्हणजे नेमकं हेच होतं. ‘बीएचसी १० टक्के’ या भुकटीत दहा टक्के न निवडलेलं एचसीएच आणि बाकी माती-शंखजिऱ्यासारखं भरताड. त्यात कामाचा गॅमा जेमतेम १.३ टक्के. म्हणजे शेतकऱ्यानं दहा किलोचं पोतं आणलं तर त्यात कीड मारणारं औषध १३० ग्रॅम, आणि ज्याचा किडीला काही उपयोग नाही पण जे जमिनीत, दुधात, माणसाच्या चरबीत साठतं असं ८७० ग्रॅम. कारखान्याचा कचरा शेतकरी पैसे देऊन घेत होता आणि स्वतःच्या हातानं रानात पसरत होता. हे त्याला कुणी सांगितलं नाही.

१९९७ च्या बंदीनं हे थांबलं. पण लिंडेन चालूच होतं, म्हणून निवडणं आलं, आणि निवडलं की उरलेलं कुठेतरी टाकणंही आलं. आधी जो कचरा गावोगाव विखुरत होता तो आता कारखान्यांच्या आसपास ढिगानं साठायला लागला. सरकारी निर्णयात ‘फक्त लिंडेनला परवानगी’ हे वाक्य वाचायला सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘एक टन औषध, नऊ टन ढीग’ असा होता.

जगभर असंच घडलं. या कचऱ्याचा जागतिक अंदाज ४० ते ७० लाख टनांचा आहे. स्पेनमध्ये साबिन्यानिगो नावाच्या गावाजवळ १९७५ पासून लिंडेन बनवणारा एक कारखाना होता. त्याचा एक लाख टनांहून अधिक कचरा सार्दास आणि बायलिन या दोन उकिरड्यांवर पडून आहे, आणि खालून गायेगो नदी वाहते. २०१४ मध्ये त्यातला एक ढीग जास्त सुरक्षित जागी हलवायला घेतला, तर हलवताना विष नदीत उतरलं आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी बंद करावं लागलं. इटलीत रोमच्या दक्षिणेला साक्को नदीच्या खोऱ्यात तर २००५ मध्ये आधी दूध बोललं. दुधाच्या तपासणीत बीटा-एचसीएच सापडलं, आणि तिथून उलट माग काढत लोक नदीपर्यंत आणि नदीवरून जुन्या औद्योगिक उकिरड्यापर्यंत पोचले.

आपल्याकडे सर्वांत जास्त अभ्यासलेली जागा उत्तर प्रदेशात आहे, लखनौजवळचं उम्मरी. तिथल्या ढिगाच्या मातीत दर ग्रॅममागे ४५० मिलिग्रॅम एचसीएच मोजलं गेलं. म्हणजे ती माती राहिलीच नव्हती, जवळजवळ निम्मं रसायनच होतं. एक किलोमीटरवर हाच आकडा ०.७ आणि पाच किलोमीटरवर ०.०३. हे तीन आकडे एका ओळीत ठेवा. कुठून आलं हे कुणाला विचारायची गरजच उरत नाही.

सात रंगांची पावती

माग काढायच्या दोन वाटा आहेत. पहिली कागदाची.

भारतात घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. सध्या २०१६ चे नियम चालतात. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत कीटकनाशकं बनवणाऱ्या कारखान्यांचं स्वतंत्र कलम आहे: प्रक्रियेतला गाळ, कीटकनाशक राहिलेला चिखल, मुदत संपलेला किंवा नापास झालेला माल, वापरलेलं द्रावक, सगळं घातक कचऱ्यात धरलं जातं. हा कचरा कारखान्यानं साधारण ९० दिवसांच्या वर आवारात ठेवायचा नाही. वर्षभरात किती पडला, किती पाठवला, कुठे पाठवला याचं विवरण, म्हणजे नमुना ४, दरवर्षी ३० जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचं.

आणि गाडी गेटबाहेर पडताना तिच्यासोबत मॅनिफेस्ट जातो, नमुना १०. त्याच्या सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रत कारखाना मंडळाला पाठवतो. पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर निघतात. कचरा जिथे पोचला तिथले लोक गुलाबी ठेवून घेतात, नारिंगी गाडीवाल्याला देतात, हिरवी मंडळाला पाठवतात आणि निळी परत मूळ कारखान्याला. कचरा परराज्यातून आला असेल तर सातवी, राखाडी प्रत, त्या राज्याच्या मंडळाला जाते. आता हे बरंचसं ऑनलाइन होतं, पण आतलं तर्कशास्त्र तेच आहे: निघाला तेवढा पोचला का? पांढऱ्या प्रतीवरचं वजन आणि हिरव्या प्रतीवरचं वजन जुळलं पाहिजे.

ही पद्धत नीट राबवली तर काय होतं हे देशानं अलीकडे पाहिलं. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षं पडलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमधून पीथमपूरला हलवला. सुमारे २५० किलोमीटरची वाट, पोलीस बंदोबस्त, मागेपुढे गाड्या. तो कचराही कीटकनाशकाचाच होता. त्या कारखान्यात कार्बारिल बनायचं आणि त्याच्या जोडीनं एचसीएच मिसळलेलं एक उत्पादनही. आणि २०२५ च्या जूनअखेरीस सगळं जाळून झाल्यावर राखेचं वजन मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरलं, कारण जाळताना आम्ल मारायला चुना घालावा लागतो. म्हणजे कागदावर ‘नष्ट’ असा शिक्का बसला तरी राख कुठे पुरली हे पुढे लिहीत राहावंच लागतं.

पण मॅनिफेस्टची एक उपजत अडचण आहे. जो कचरा दाखवला त्याचाच कागद होतो. रात्री टँकर नाल्यात मोकळा झाला तर त्याची सात रंगांत नोंद कोण करणार? म्हणून जाणते तपासनीस कचऱ्याच्या वहीपासून सुरुवात करत नाहीत, कच्च्या मालाच्या बिलापासून करतात. मघाचा हिशेब इथे उपयोगी पडतो. वर्षाला ७३ टन क्लोरीन आत आला आणि विक्रीवहीत लिंडेन दहा टन दिसतंय, तर ९० टन कचरा कुठेतरी असलाच पाहिजे. नमुना ४ मध्ये पाच टन लिहिला असेल तर ८५ टनांचा जाब विचारता येतो. काही कारखाने हा कचरा तापवून त्यातून ट्रायक्लोरोबेंझीन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल काढत, ते खरं असेल तर त्याचीही विक्री दिसली पाहिजे. क्लोरीन फुकट मिळत नाही, त्याचं बिल असतंच. मला विचाराल तर कचऱ्याच्या शंभर नोंदींपेक्षा क्लोरीनचं एक बिल जास्त खरं बोलतं. ही पद्धत आज चालू असलेल्या कुठल्याही कीटकनाशकाच्या कारखान्याला लावता येते, फक्त समीकरण बदलतं.

रेणूंच्या प्रमाणावरून ओळख

दुसरी वाट रसायनाची. कागद नाही, मालक नाही, कारखाना कधीच बंद पडलाय, अशा वेळी हीच उरते.

समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या एमआयडीसीच्या कडेला एक गाव आहे. गाव कल्पनेतलंच, पण वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण अशा वसाहतींच्या शेजारी ज्यांची शेती आहे त्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला अडचण पडू नये. तिथल्या विहिरीच्या पाण्यात एचसीएच सापडलं. लगेच तीन शक्यता उभ्या राहतात. एक, कुणीतरी वाळवीसाठी लिंडेन वापरलं असेल. दोन, बापजाद्यांनी मारलेली बीएचसी पावडर अजून जमिनीत असेल. तीन, कुणीतरी कारखान्याचा कचरा आणून टाकला असेल. कारखानेवाला अर्थातच दुसरी शक्यता पुढे करणार: ‘तुम्हीच तर फवारायचात.’ आणि हा नुसता बहाणा नाही, त्यात तथ्यही असू शकतं. म्हणूनच तपास नीट हवा.

तिन्हींचं प्रमाण वेगळं असतं. लिंडेन असेल तर जवळजवळ सगळा गॅमाच दिसतो. ताजी बीएचसी पावडर असेल तर अल्फा गॅमाच्या चार ते सात पट. आणि निवडून उरलेला कचरा असेल तर अल्फा ८० टक्क्यांच्या आसपास, गॅमा नावापुरता. अल्फाला गॅमानं भागायचं, एवढंच गणित. भागाकार एकाच्या खाली आला तर बोट लिंडेनकडे, पाचाच्या आसपास तर जुन्या पावडरीकडे, आणि त्याच्या कितीतरी वर गेला तर कचऱ्याकडे.

एवढं सरळ असतं तर बरं झालं असतं. पण हे चारही रेणू जमिनीत एका चालीनं चालत नाहीत. गॅमाला जंतू लवकर खातात. अल्फा उन्हानं हवेत उडतो. तो इतका दूर जातो की जिथे कुणी कधी शेतीच केली नाही त्या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातही तो सापडला. डेल्टा पाण्यात जास्त विरघळतो, म्हणून ढिगाखालून झिरपणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा वाढलेला दिसतो. आणि बीटा चिवट. त्याचे सहाही क्लोरीन कडीच्या कडेनं पसरलेले असतात, जंतूंच्या एन्झाइमला त्यांना धरणं अवघड जातं. तो उडत नाही, विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतो. माणसाच्या शरीरातून निम्मा कमी व्हायला सुमारे सात वर्षं लागतात. साक्कोच्या दुधात बीटाच का सापडला याचं उत्तर इथे आहे.

तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीची पावडर आज तपासली तर तिच्यात अल्फा-गॅमा दोन्ही विरून बीटा उरलेला दिसेल. बीटाचा वाटा मोठा, एकूण प्रमाण अगदी कमी, आणि आजूबाजूच्या सगळ्याच रानांत थोडंथोडं, शिवाय जोडीला डीडीटीचे अवशेष. असं चित्र दिसलं तर ते शेतीतलं. उलट एका जागी प्रचंड आणि तिथून लांब जाल तसं झपाट्यानं कमी होत जाणारं, अल्फा-डेल्टा भरपूर, जोडीला क्लोरोबेंझीन, मातीत पांढरट खडे आणि तोच कुबट वास, तर ते टाकलेलं. उम्मरीचे ते तीन आकडे पुन्हा आठवा.

कपाशीवाल्यांच्या ओळखीचं एंडोसल्फान याच रीतीनं तपासतात. ते सर्वोच्च न्यायालयाच्या १३ मे २०११ च्या आदेशानं थांबलं. त्याचीही अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात, त्यांचं प्रमाण ताज्या मालात सात-तीन असतं आणि जुनं होईल तसं एंडोसल्फान सल्फेट वाढत जातं. सल्फेट नगण्य आणि सात-तीन कायम, म्हणजे माल ताजा.

काळी जमीन साक्ष बदलते

आता जो भाग परदेशी अहवालांत सापडत नाही आणि आपल्याला मात्र टाळता येत नाही, तो.

पुरलेला कचरा ओळखायची एक जगमान्य रीत आहे. जमिनीत खड्डा घेऊन वीतभर-वीतभर खोलीवरचे नमुने काढायचे. फवारणीचं विष वरच्या थरात असतं, पुरलेलं खाली असतं. वर कमी आणि चार फुटांवर जास्त, तर कुणीतरी पुरलं. कोकणातल्या किंवा युरोपातल्या जमिनीत हे चालेल. मराठवाड्याच्या काळ्या रेगडात ते डोळे झाकून चालत नाही.

कारण ही जमीन स्वतःच स्वतःला उलथत असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा, कधी त्याहून खोल. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, गुरांच्या पायांनी, वळवाच्या पहिल्या सरीनं त्या भेगांत पडते. मग मृग लागला की चिकणमाती फुगते, भेग मिटते, आत पडलेली वरची माती तिथेच अडकते. दरवर्षी हेच. त्यामुळे १९८५ ला वर मारलेली पावडर आज तीन फुटांवर सापडली तर कुणी पुरली असा अर्थ निघत नाही, ती भेगेतून गेलेली असू शकते. म्हणून एका खड्ड्यावर निकाल देणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही. एकाच रानात पाच-सहा जागी, भेगेच्या आत आणि भेगेच्या बाहेर असे वेगळे नमुने घेतले पाहिजेत, आणि शक्यतो जिथे कधी शेतीच झाली नाही अशा जवळच्या गायरानातला एक नमुना तुलनेला हवा.

पाण्याचीही तीच तऱ्हा. वाळूच्या थरातून विष एका दिशेनं, एका संथ वेगानं सरकतं, नकाशावर लांबट डाग पडतो. आपला पाया बेसॉल्टचा. पाणी चालतं ते मुरमातून, खडकाच्या सांध्यांतून, दोन थरांमधल्या लालसर मातीच्या पट्ट्यातून. विहीर खणणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं: या अंगाला झरा आहे, त्या अंगाला कोरडा पाषाण. त्यामुळे ढिगापासून दोनशे फुटांवरची विहीर स्वच्छ आणि अर्ध्या मैलावरचा बोअर दूषित, असं होऊ शकतं. अशा वेळी ‘जवळची विहीर चांगली आहे, मग आमचा काय संबंध’ हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण खडकाला तो मान्य नसतो. गावात ज्यानं विहिरी खोदल्या त्या म्हाताऱ्या माणसाला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकासोबत एक दिवस फिरवलं तर नमुने कुठून घ्यायचे याचं निम्मं उत्तर मिळतं.

प्रमाणावरून उलगडा होत नसेल तर आणखी दोन बारीक कसोट्या आहेत. अल्फा-एचसीएच दोन रूपांत असतो, उजव्या-डाव्या पायाच्या चपलेसारखा, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. कारखान्यात दोन्ही अगदी निम्मेनिम्मे तयार होतात. जंतू मात्र एक रूप दुसऱ्यापेक्षा भराभर खातात. म्हणून पन्नास-पन्नास दिसलं तर विष ताजं किंवा जंतूंनी न शिवलेलं, आणि एकीकडे कललं तर जमिनीत मुरलेलं. दुसरी कसोटी कार्बनच्या वजनाची. हलका कार्बन असलेले रेणू जंतू जरा आधी मोडतात, त्यामुळे जुन्या अवशेषांत जड कार्बनचा वाटा किंचित वाढतो. या चाचण्या महाग आहेत आणि मोजक्याच ठिकाणी होतात. कोर्टात जायचं असेल तरच त्यांच्या वाटेला जावं.

हे जंतू कोण, याचंही थोडं सांगायला हवं. स्फिंगोबियम कुळातले काही जीवाणू एचसीएचवरच जगतात. दिल्ली विद्यापीठातल्या रूप लाल यांच्या प्रयोगशाळेनं त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. उम्मरीच्या ढिगात सापडलेल्या एका जातीला गावावरूनच स्फिंगोबियम उम्मरीएन्स असं नाव मिळालं. गावाचं नाव विज्ञानात अजरामर झालं, ढीग मात्र तसा लवकर हलला नाही.

नमुना घेताना आणि अहवाल वाचताना

विहिरीचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं तर अर्धी मेहनत तिथेच वाया जाते. एचसीएच प्लॅस्टिकला चिकटतं. तपकिरी काचेची बाटली हवी, हेक्झेन या द्रावकानं धुतलेली, काठोकाठ भरलेली, हवेचा बुडबुडा न ठेवता. बोअर असेल तर आधी काही वेळ पाणी वाहू द्यायचं, नाहीतर पाइपात साठलेलंच बाटलीत येतं. बर्फाच्या पेटीतून न्यायचं. एक बाटली शुद्ध पाण्याची भरून तीही सगळीकडे सोबत फिरवायची. तिच्यात काही निघालं तर विष विहिरीतलं नाही, आपल्या हातचं. तक्रारीसाठी नमुना असेल तर पंचांसमोर सील, सही, तारीख, वेळ. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. त्यांच्या अधिकाऱ्यासमोर घेतलेला नमुना पुढे हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे टिकतो, घरून भरून नेलेला टिकायला कठीण. कारखान्याचं संमतिपत्र आणि नमुना ४ माहितीच्या अधिकारात मागता येतात. मागताना तीन-चार वर्षांचे एकदम मागावेत, म्हणजे आकडे कसे सरकले ते दिसतं.

प्रयोगशाळेत या पाण्यातून हेक्झेननं विष ओढून काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफमधून, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रातून, सोडतात. कागदावर एकामागून एक टोकं उठतात, साधारणपणे अल्फाचं सगळ्यात आधी. क्लोरीन ओळखणारा डिटेक्टर इतका तीक्ष्ण असतो की एक अब्जांश भागही सुटत नाही. यंत्र चांगलंच असतं. गडबड होते ती आपण काय विचारतो त्यात.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० पाहा, २०१२ चं. त्यात लिटरमागे लिंडेनची, म्हणजे गॅमाची, मर्यादा २ मायक्रोग्रॅम आहे. बीटाची ०.०४. डेल्टाचीही ०.०४. आणि अल्फाची ०.०१. म्हणजे कचऱ्यात जो सर्वांत जास्त असतो त्या अल्फाची मर्यादा विकल्या जाणाऱ्या लिंडेनपेक्षा दोनशे पट कडक आहे. आता एखाद्या अहवालात एकच ओळ असेल, ‘लिंडेन: मर्यादेच्या आत’, तर त्यावरून कचऱ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कचऱ्यातून गॅमा आधीच काढून घेतलेला असतो, तो सापडणार कसा?

म्हणून प्रयोगशाळेला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. चारही समघटकांचे आकडे वेगवेगळे मिळणार का? ‘एकूण एचसीएच’ असा एकच आकडा घेऊन भागाकार करता येत नाही. आणि तुमचं यंत्र किमान किती मोजतं? ती हद्द ०.१ मायक्रोग्रॅम असेल, तर पाण्यात अल्फा मर्यादेच्या नऊ पट असला तरी अहवालावर ‘आढळले नाही’ असंच छापून येईल, आणि ती ओळ कारखान्याचा वकील लवादापुढे मोठ्यानं वाचून दाखवेल.